ताईचा हात

आमची ताई काच कापते. आरसे, खिडक्यांच्या काचा, काय वाट्टेल ते. दुकान बाबांचं, पण त्यांना कंपवात झाला. आधी नुसता अंगठा हलायचा, मग हात, मग पाय उचलेनात. आता ते दुकानात खुर्चीत बसून असतात, आवाज एवढासा झालाय. ताई त्यांची बटणं लावते, घास भरवते आणि मग कामाला उभी राहते. घरात अजून एक माणूस हवं म्हणून मी शाळा सोडली. कुणाला वाईट वाटत असेल तर वाटू दे.

कटर एका दमात ओढायचा. रेघ पडली की परत तिच्यावरून फिरवायचा नाही, नाहीतर काच वाटेल तिकडे फुटते. हे ताईने मला कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. आणि एक दिवस तिनेच त्याच रेघेवर परत कटर फिरवला. काच कोपऱ्यातून तडकली.

"काय गं, झोपेत आहेस का?"

"गप. इकडे ये, दुसरी तू काप."

तेव्हापासून ती हात धुऊन माझ्या मागे लागली. हे माप, असं धर, अक्कल गहाण टाकलीस का! स्वतः वाळून काडी झाली होती. मला वाटलं, माझ्यावरच वैतागलीये. मग एकदा तिच्या हातातला कप बशीवर खडखड वाजला.

"हात दाखव."

"काही नाही झालं."

"दाखव म्हणते ना!"

थरथरत होता.

"बाबांचंच आलंय मला," ती हळूच म्हणाली. "म्हणून तुला शिकवतेय. दुकान तरी चालेल. त्यांना कळू देऊ नकोस."

मी तिला तोंडावर येडपट म्हटलं आणि ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात मांडीवर सैल सोडा." सोडला, तर गप्प पडून राहिला. "आता पुढे धरा." लागला थरथरायला.

"वडिलांचा कधी हलतो?"

"नुसते बसले तरी हलतो," मी म्हटलं.

"मग यांचं उलट आहे. घाम फार येतो? छाती धडधडते?"

ताई दोन्हीला हो म्हणाली. रक्त तपासलं, तर थायरॉईड निघालं. गोळ्यांनी आटोक्यात येतं म्हणे. आणि बाबांचा आजार सहसा पोरांकडे येत नाही, हे विचारायला इतके दिवस का लावले म्हणून बाईंनी झापलं, ते वेगळंच.

बाहेर पायरीवर ताईने फतकल मारलं. हसत होती का रडत होती, देव जाणे. "भूक लागलीये गं," एवढंच म्हणाली.

दुकानात येऊन मी बाबांना सगळं सांगून टाकलं. ताईने डोळे वटारले, पण बाबांना आधीच संशय होता. एकाच काचेवर कटर दोनदा वाजलेला त्यांनी ऐकला होता.

"मला वाटलं... मीच दिलं तुला," ते म्हणाले.

"तुम्ही? साधी पेन्सिल मागितली तर तुकडा द्यायचात!" ताई म्हणाली.

बाबांचा चेहरा हल्ली हलत नाही. पण खांदे गदगदा हलले, आणि ते हसणंच होतं.

ते बरे व्हायचे नाहीत, आम्हाला माहितीये. पण ताई होणार आहे. तिचा हात स्थिर होईपर्यंत काच मी कापतेय, आणि ती शेजारी उभी राहून मनसोक्त शिव्या घालतेय.