कामिल तुस्कानोचा प्रोग्राम

कामिल तुस्कानोला फुटबॉल कोचची नोकरी मिळाली ती एका शब्दाच्या घोळामुळे, आणि तो शब्द फुटबॉलमधला नव्हता.

कतारमध्ये, दोह्याच्या अबू हमूर भागाच्या टोकाला, व्हिला संपून गोदामं सुरू होतात तिथे, एक खासगी कॉलेज आहे. तिथले क्रीडा विभागाचे डायरेक्टर नसरुद्दीनसाहेब मूळचे हैदराबादचे, पण इंग्रजी अमेरिकेत जाऊन आणलेलं. मुलाखतीत त्यांनी कामिलला विचारलं, "यापूर्वी तुम्ही प्रोग्राम उभा केलाय का?" त्यांना म्हणायचं होतं संघाची बांधणी. निवड, सराव, जिंकायची सवय, सगळं शून्यातून. तिकडे त्याला प्रोग्राम म्हणतात म्हणे. आता आपल्याकडे प्रोग्राम म्हणजे काय हे मी सांगायला नको. हॉल, माइक, पाहुणे, नाश्ता आणि शेवटी आभार. दोह्यातल्या वसईकरांच्या मंडळाचे गेली अकरा वर्षं सगळे प्रोग्राम एकट्या कामिलने ओढले होते. तो खुर्चीत ताठ होऊन म्हणाला, "अकरा केलेत, सर. एकही फसला नाही." साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे नव्या आदराने पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी नेमणुकीचं पत्र पाठवलं.

घोळ कळला तो घरी. बारावीतल्या जोआनाला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून इंग्रजीच येतं. बापाने मुलाखत रंगवून सांगितली तशी ती म्हणाली, "डॅडी, दॅट्स नॉट व्हॉट ही मेंट." मग तिने त्याला अर्थ सांगितला आणि कामिलच्या हातातला पेढा हातातच राहिला. सरळमार्गी माणसाने उठून जाऊन साहेबांना खरं सांगितलं असतं. कामिल सरळमार्गीच होता, तरी तो गेला नाही.

का, तर व्हिसा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग गुंडाळला, तेव्हापासून कामिल बायकोच्या व्हिसावर राहत होता. बेट्टी हॉस्पिटलात नर्स, तिची नोकरी पक्की, अल हिलालचा फ्लॅट तिच्या नावावर आणि नवराही तिच्याच नावावर. शुक्रवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पार्किंगमध्ये नव्याने आलेल्या कुणाशी ओळख करून देताना लोक म्हणायचे, "हे बेट्टीचे मिस्टर." बस, एवढंच. पुढे काही सांगण्यासारखं नाही. बेट्टीला त्याचं काही वाटत नव्हतं. कामिलला वाटायचं, आणि फार वाटायचं. घरात टोमॅटो चिरतानाही ते शब्द त्याच्या कानात असायचे. कोच झाल्यावर त्याला स्वतःचा व्हिसा मिळाला. पत्रात एकच अट होती: करार एका वर्षाचा, आणि मोसमात निदान एक सामना जिंकला तरच पुढे.

एक तर एक. एवढं तर कुणीही जिंकेल, असं त्याला वाटलं.

फुटबॉल त्याला अगदीच नवा नव्हता. गावाकडे भातकापणीनंतर शेतात सामने व्हायचे, त्यात तो राखीव गोलकीपर असे. म्हणजे खरं सांगायचं तर खुर्च्या मांडायचा आणि माइकवरून स्कोअर सांगायचा. गोलात तो एकदा उभा राहिला होता आणि त्या दिवशी सात गोल झाले होते. ही गोष्ट त्याने मुलाखतीत सांगितली नाही, कारण कुणी विचारली नाही.

तरी तो मन लावून कामाला लागला. मोबाइलवर रोज तास-दोन तास व्हिडिओ पाहिले, वहीत बाण काढले, पुसले, पुन्हा काढले. एवढं केल्यावर त्याच्या हाती एकच धडा लागला. आपली पोरं चेंडू मिळाला की डोळे मिटून लाथ घालतात. आधी मान वर करून मोकळा कोण आहे ते बघायचं, मग पाय हलवायचा. "मान वर, मग पाय." हे तो हिंदीत, इंग्रजीत आणि फारच चिडला तर मराठीत ओरडायचा. पंधरा पोरं, पाच देशांची. सगळी मान डोलवायची आणि चेंडू आला की डोळे मिटून लाथ घालायची.

पहिला सामना सहा-शून्य, दुसरा पाच-एक. तिसऱ्यात धुळीचं वादळ आलं, चेंडूच दिसेना, आणि शून्य-शून्य अशी बरोबरी झाली. पुढचे चारही पुन्हा हरले.

पण प्रोग्राम? प्रोग्राम मात्र काय विचारता. कामिलने मैदानाच्या कडेला तंबू टाकला, स्पीकर लावला, खुर्च्या मांडल्या. सामना संपला की दोन्ही संघांना बेट्टीच्या हातचे कटलेट, पाव आणि मोठ्या थर्मासातून करक चहा. समोरचे कोच निघताना कामिलला मिठी मारून जायचे. मारणारच, तीन गुण आणि वर कटलेट दुसरीकडे कुठे मिळणार? सुरुवातीला प्रेक्षक होते नऊ, सहाव्या सामन्याला झाले दोनशे. कॉलेजच्या माहितीपत्रकात फोटो छापला गेला, त्यात गर्दी दिसत होती, स्कोअर दिसत नव्हता.

शंका मात्र सगळीकडून सुरू झाल्या. कॉलेजच्या संगणक विभागात हेमचंद्र नावाचा नांदेडचा तरुण इंजिनियर होता, मराठी माणूस म्हणून कामिलच्या आसपास असायचा. त्याने एक तक्ता काढून आणला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सर, कटलेट वाढले की गोल वाढतात. फक्त समोरच्यांचे." पार्किंगमध्ये लोक आता "बेट्टीचे मिस्टर" म्हणेनासे झाले होते, "काय कोच, या वेळी किती?" म्हणू लागले होते, आणि यातलं कुठलं बरं होतं हे कामिलला ठरवता येईना. नसरुद्दीनसाहेब तर मैदानावर आले की त्याच्याकडे असं बघायचे, जसं दुकानातून आणलेलं कलिंगड कापल्यावर आत पांढरं निघावं.

बेट्टीने एकदा सरळ विचारलं, "कामिल, तुला हे जमतं का रे?"

"जमेल."

"जमेल नाही. जमतं का?"

कामिल वही उघडून जुने बाण पुसायला लागला. त्यालाही तेच हवं होतं कळायला.

राहता राहिला शेवटचा, आठवा सामना. मार्चमधला शनिवार, दुपारचे चार, समोर मदिनत अश शमालच्या तांत्रिक संस्थेचा संघ. उत्तरेच्या टोकाहून, शंभर किलोमीटरवरून ती पोरं दोन गाड्यांतून निघाली होती. पोहोचली एकच गाडी. दुसरीचं इंजिन अल खोरच्या अलीकडे बसलं होतं. मैदानावर उतरले सहा जण.

रेफरी हाफिज, सुदानचा म्हातारा, नियमाला पक्का. त्याने पंधरा मिनिटं वाट पाहिली, घड्याळ बघितलं आणि कामिलला म्हणाला, "सातपेक्षा कमी असतील तर सामना होत नाही. खलास. तुम्ही जिंकलात, तीन-शून्य."

घ्या. वर्षभर ज्याच्यासाठी जीव टाकला तो विजय चेंडूला पाय न लावता आयता दारात आला. हेमचंद्रने कामिलच्या पाठीवर थाप मारली. बेट्टी कटलेटचा डबा खाली ठेवून डोळे पुसायला लागली. नसरुद्दीनसाहेबांनी कामिलकडे पाहून पहिल्यांदाच मान हलवली.

आणि तेवढ्यात त्या सहा जणांचा कॅप्टन पुढे आला आणि हात पुढे करून म्हणाला, "सॉरी, कोच." मागे त्याची पोरं गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. पाहुणा तासभर गाडी हाकून येतो आणि वर माफी मागतो, हे कामिलला आयुष्यात कधी बघवलं नव्हतं.

तो हाफिजकडे गेला. "निकाल लिहून टाका आणि मग नुसतं खेळू द्या यांना."

"निकाल लिहिला की मैदान बंद. तसा नियम आहे. शिटी वाजवली तर जो निकाल लागेल तो लिहीन. एक काय ते ठरवा."

"मी यांना माझी चार पोरं उसनी दिली तर?"

हाफिजने दाढी खाजवली. "तुमची तक्रार नसेल तर माझी काय हरकत?"

"माझी तक्रार नाही," कामिल म्हणाला.

हेमचंद्र धावत आला. "सर, तुम्ही काय करायलाव? जिंकलात ना तुम्ही!" पण कामिल वेडा नव्हता, निदान त्याला तसं वाटत नव्हतं. त्याने हिशेबाने बाकावरचे चार लिंबूटिंबू दिले. हारिस, ज्याला धावताना दम लागायचा. कुणाल, जो चेंडू आला की बाजूला व्हायचा. आणि आणखी दोन, ज्यांची नावं स्पीकरवर कधी घेतलीच गेली नव्हती. म्हणजे त्यांचे दहा, आपले अकरा, आणि त्या दहांत चार असले. पाहुणचारही होईल आणि खराखुरा विजयही मिळेल, असा त्याचा बेत. त्याने स्वतःच्या हाताने त्या चौघांना शमालचे निळे शर्ट घातले.

पूर्वार्धात शमालच्या कॅप्टनने गोल केला. उत्तरार्धात कामिलच्या पोरांनी डोळे मिटून एक लाथ घातली, ती कुणाच्या तरी पाठीला लागून आत गेली. एक-एक. शेवटची पाच मिनिटं राहिली.

मग चेंडू हारिसकडे आला. एकटा, गोलपासून वीस पावलांवर. कामिलला ठाऊक होतं काय होणार: लाथ, आणि चेंडू थेट तंबूत. पण हारिस थांबला आणि त्याने मान वर केली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि अगदी सावकाश, घरात कुणाला पाण्याचा पेला द्यावा तसा, चेंडू कुणालकडे सरकवला. कुणाल बाजूला झाला नाही. त्यानेही मान वर केली, गोलकीपर कुठे उभा आहे ते पाहिलं आणि चेंडू रिकाम्या कोपऱ्यात ठेवून दिला.

कामिलने दोन्ही हात वर करून उडी मारली. तोंडातून काय निघालं ते त्यालाही आठवत नाही. खाली आल्यावर त्याला दिसलं की दोनशे माणसं, स्वतःची अकरा पोरं आणि नसरुद्दीनसाहेब त्याच्याकडे बघताहेत. गोल त्याच्यावर झाला होता. सामना दोन-एक असा गेला, आणि त्याबरोबर नोकरी आणि व्हिसाही गेला. त्या दिवशी कटलेट उरले, कारण त्याच्याशी बोलायला कुणी थांबलंच नाही. शमालची पोरं तेवढी पोटभर जेवून गेली.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. कामिल राजीनामा खिशात घेऊन गेला. पण टेबलावर दोन कागद वेगळेच होते.

"मिस्टर कामिल, तुमचं नशीब जोरावर आहे," साहेब म्हणाले. "मी नियम वाचले. नोंदणी नसलेले खेळाडू घेऊन ते खेळले. आपण अठ्ठेचाळीस तासांत तक्रार केली तर निकाल आपल्या बाजूने, तीन-शून्य. ही तक्रार. आणि हा तुमचा पुढच्या वर्षाचा करार. दोन्हीकडे सही करा."

"पण सर, त्यांना शर्ट मीच घातले. माझी तक्रार नाही असं मी हाफिजला म्हणालोय."

"ते कुठे लिहिलेलं नाही."

कामिलने पेन उचललं. उगाच त्याला संत करायला नको, त्याने उचललं आणि टोपणही काढलं. त्याच्या डोळ्यांसमोर चर्चचं पार्किंग आलं, बेट्टीच्या नावावरचं ते व्हिसाचं कार्ड आलं. एक सही, आणि तो जिंकलेला कोच. मग त्याने विचारलं, "सर, मग त्या गोलचं काय?"

"कुठल्या गोलचं?"

"हारिसने दिला, कुणालने मारला तो."

"तो राहत नाही. सामनाच रद्द झाला की त्यातलं सगळं खोडलं जातं. तुमच्यावरचा गोल खोडला जातोय, आणखी काय पाहिजे?"

 कामिलने पेनाला टोपण लावलं आणि राजीनामा काढून टेबलावर ठेवला. साहेब इतके चकित झाले की चष्मा काढायचंही विसरले.

घरी बेट्टी भडकली. "म्हणजे सगळं करून तू पुन्हा माझ्या व्हिसावर. लोकांना काय सांगू मी?" ती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच फॉर्म आणला, त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "फोटो दोन लागतील." कामिलला रडू आलं, पण त्याने ते दाखवलं नाही.

कॉलेज सोडताना कोचने मोसमाचा अहवाल द्यायचा असतो. कामिलने तो व्यवस्थित अक्षरात लिहून दिला. सामने आठ. विजय शून्य, बरोबरी एक, पराभव सात. दुसऱ्या दिवशी हेमचंद्रचा फोन आला.

"सर, कॉम्प्युटरमध्ये भरत होतो. एक आकडा चुकलाय तुमचा. आपल्या मुलांनी केलेले गोल तुम्ही पाच लिहिलेत. मी सगळे सामने पुन्हा तपासले. चारच होतात."

"पाच आहेत," कामिल म्हणाला. "नीट मोज."