आवाजांचा तास

बालवर्गाच्या बाईंना पालक त्यांच्या माघारी ‘टाळीबाई’ म्हणत. पहिले चार महिने त्या फळ्यावर एकही अक्षर काढत नसत. ‘मगर’ म्हणायचं आणि जितके तुकडे ऐकू येतील तितक्या टाळ्या वाजवायच्या. मग ‘म’ काढून टाकला तर काय उरलं ते सांगायचं. कान तयार झाला की अक्षर लवकर बसतं, असं त्या चोवीस वर्षं सांगत आल्या.

“पोरांना टाळ्या कुटायला पाठवतो का आम्ही?” एका आजोबांनी विचारलं.

“तुम्ही घरी पाठांतर कुटून घ्या,” बाई म्हणाल्या, “टाळ्यांचं मी बघते.”

शेजारच्या वर्गाच्या धाकट्या बाई हे सगळं त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या. सहा वर्षं दोघी एकाच बाकावर डबा खात होत्या.

यंदा मुख्याध्यापिकांनी बजावलं की तपासणीत वाचन कच्चं निघालं तर आवाजांचा तास बंद. तपासणीचं गोष्टीचं पुस्तक आठवडाभर आधी आलं आणि मुलांना आधी दिसू नये म्हणून कपाटात गेलं. किल्ली धाकट्या बाईंकडे असे.

तपासणीच्या दिवशी टाळीबाईंची मुलं ती नवी गोष्ट अडखळत, आवाज जोडत, पण नीट वाचत होती. शेजारच्या वर्गाने घडाघडा म्हटली. त्यातल्या एका मुलीने तर पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य म्हणून टाकलं. तपासनीस खाली बघून गुण लिहीत होते. टाळीबाईंनी पाहिलं आणि त्या गप्प राहिल्या. बोलल्या असत्या, तर तपासनिसांनी त्या मुलीलाच सगळ्यांदेखत पुन्हा वाचायला लावलं असतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी विचारलं, “किती दिवस पाठ करून घेत होतीस?”

“आठवडाभर, ताई. तुमच्या मुलांना खरं वाचता येतं, मला माहीत आहे. पण साहेबांना वेग लागतो.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्ही मला करू दिलं नसतं.”

हे खरं होतं.

वेगात टाळीबाईंचा वर्ग कच्चा ठरला आणि आवाजांचा तास बंद झाला. नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा धाकट्या बाई आपल्या चार वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. “मुद्दाम तुमच्याच वर्गात घातलंय. शाळा सुटल्यावर हिचं तेवढं आवाजांचं घ्या ना, ताई. पाया पक्का होईल.”

टाळीबाईंनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवलं. त्या जागी आता ‘पाठांतर’ होतं.

“सगळ्यांना जे मिळेल तेच हिलाही,” त्या म्हणाल्या आणि मुलीला दुसऱ्या रांगेत बसवलं.