कासमचाचा आणि हिरवे डबे

कासमचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते डोळे मिटून, कचऱ्यात खुपसून काढलेली एक लोखंडी कांब गालाला लावून उभे होते. रत्नागिरीबाहेरच्या कातळावर, एप्रिलच्या उन्हात, कचऱ्याच्या लांबलचक ढिगापाशी. मी फाइल छातीशी धरून थांबले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, कांब माझ्यापुढे केली आणि ओळखदेख नसताना म्हणाले, "हात लावून बघ गो बाय. किती हाय?"

मी हात लावला. कांब कोमट होती.

"ताप हाय," मीच काही सांगितल्यासारखी मान डोलावत ते म्हणाले. "लेकराला येतो तेवढा. परवा या ढिगात भात शिजला असता. दोन दिवसांत का उतरला, ते कळत नाय."

मग त्यांनी लुंगीच्या घडीतून एक वही काढली आणि त्यात तारीख घालून 'ताप' असा एकच शब्द लिहिला. मागची पानं वाऱ्याने फडफडली तेव्हा मला 'भात', 'चहा', 'तवा', 'गार' असे शब्द दिसले. परदेशातून आलेला लांब दांड्याचा थर्मामीटर शेडमध्ये खिळ्याला टांगलेला होता. चाचा त्याचाही आकडा लिहीत, पण तो शेजारच्या रकान्यात. त्यांच्या मते आकडा साहेबांना कळतो आणि शब्द ढिगाला.

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन घरी बसले होते आणि तीन महिन्यांसाठी एक काम मिळालं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका परदेशी संस्थेच्या मदतीने आमच्या गावात कचऱ्याचा प्रकल्प सुरू झाला होता. काही वाड्यांमधल्या प्रत्येक घराला प्लॅस्टिकचे दोन मोठे झाकणाचे डबे फुकट दिले होते. हिरव्यात ओला कचरा टाकायचा, पिवळ्यात सुका. रोज गाडी येऊन कचरा नेणार, कातळावर त्याचं खत होणार आणि ते आंब्याच्या बागांना जाणार. तीन वर्षं झाली होती. आता त्या संस्थेची एक तज्ज्ञ बाई येऊन प्रकल्पाचं काय झालं ते तपासणार होती. तिच्या आधी घरोघर जाऊन छापील प्रश्न विचारायचे आणि उत्तरं भरायची, हे माझं काम. निकाल चांगला आला तर दुसऱ्या टप्प्याची मदत मिळणार, नाहीतर सगळं बंद.

कासमचाचा रत्नागिरीतल्याच राजिवड्याचे. सारं आयुष्य बोटीवर खलाशी म्हणून गेलेलं. गुडघ्याने दगा दिला म्हणून घरी आले आणि इंग्रजी बोलता येतं एवढ्यावर त्यांना खताच्या जागेची देखरेख मिळाली. कचऱ्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, असं तेच सांगत. पण बोटीच्या पोटात महिनामहिना भरून ठेवलेलं खोबरं आतल्या आत कसं तापतं, हे त्यांनी पाहिलं होतं. "खोबरं तापलं की आग लागेल म्हणून आम्ही घाबरायचो," ते म्हणत, "आणि हितं ढीग तापला नाय तर खत होणार नाय म्हणून घाबरायचं. अल्लाची गंमत बघ."

पंधरा दिवसांत माझी घरं फिरून झाली. पहिलाच प्रश्न होता, 'दिलेले डबे तुम्ही वापरता का?' सगळ्यांनी 'हो' म्हटलं होतं. एकानेही 'नाही' म्हटलं नाही. मी खुशीत होते. भरलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन कातळावर गेले आणि चाचांना दाखवला. त्यांनी वीसेक कागद एकामागून एक पाहिले.

"सगळे हो म्हणाले?"

"सगळे."

"कशाला वापरतात, ते विचारलंस?"

तो प्रश्न कागदावर नव्हता. मी तसं सांगितलं. चाचा हसले नाहीत. त्यांनी शर्टाची बटणं लावली, पायात वहाणा सरकवल्या आणि म्हणाले, "चल. माझ्या पण मनात आहे कधीपासून. माझ्याकडं येतं काय, ते मला ठाऊक. तिथून निघतं काय, ते मी कधी बघितलं नाय."

आम्ही गेलो ते पहिलंच घर सुमतीकाकूंचं. मागच्याच आठवड्यात त्यांनी मला 'हो' सांगून वर पन्हं पाजलं होतं. हिरवा डबा स्वयंपाकघराच्या दाराशी स्वच्छ पुसून ठेवलेला होता, त्यावर तांब्या. चाचांनी झाकण उघडलं. आत काठोकाठ पाणी.

"काकू, हा कचऱ्याचा डबा ना?" मी विचारलं.

"अगो, एवढा चांगला डबा! त्यात उष्टं खरकटं टाकू?" काकूंना माझीच कीव आली. "वैशाखात विहीर तळाला जाते आमची. या डब्याने तारलंन बघ आम्हाला. ज्याने दिलान त्याचं भलं होवो."

"आणि पिवळा?"

पिवळ्यात तांदूळ होते.

"मग भाजीची देठं, सालं कुठं टाकता?" चाचांनी विचारलं.

काकू आम्हाला परसात घेऊन गेल्या. देठं गाईला जात. तांदळाचं धुवण, माशाचं पाणी माडाच्या आळ्यात. राख भांड्यांना, करवंट्या चुलीत. काकू एकेक जागा दाखवत होत्या आणि चाचा प्रत्येक ठिकाणी वाकून बघत होते, अगदी कोंबड्यांच्या खुराड्यातसुद्धा. शेवटी त्यांनी विचारलं, "मग कचरा म्हणून काय राहतो?"

"कचरा म्हणजे?" काकूंनी विचारलं.

त्या दिवशी आम्ही आणखी अकरा घरं पाहिली. डब्यांत मिठाचं पाणी सुटलेली आमसुलं होती, सुके बांगडे होते, लग्नातली भांडी होती. एका घरात मुंबईहून येणाऱ्या मुलाची अंथरुणं होती. कचरा एकातही नव्हता. मी रडकुंडीला आले होते आणि चाचांचा चेहरा मात्र घरागणिक उजळत चालला होता. परतताना म्हणाले, "मंग माझ्याकडं येतं काय रोज गाडी भरून?"

दुसऱ्या दिवशी आलेली गाडी त्यांनी मोकळ्या कातळावर रिकामी करायला लावली. खताच्या जागेवर नऊ बायका कचरा निवडायचं आणि चाळायचं काम करत. त्यांची पुढारी पार्वती. आम्ही सगळ्यांनी मिळून ती गाडी मुठीमुठीने निवडली. अंगणं झाडून गोळा केलेली लाल माती निघाली, आंब्या-फणसाची पानं निघाली, चिऱ्याचे तुकडे निघाले. तळाशी मासळीबाजारातली डोकी, आतडी, कोलंबीची टरफलं. घरांतून काही मिळेना, म्हणून गाडीवाले वाटेत मिळेल ते भरून आणत होते.

चाचा वही घेऊन सावलीत बसले आणि पानं उलटू लागले. मी त्यांच्यासमोर बसले. तास गेला असेल. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. शुक्रवारी आमच्याकडच्या मुसलमान नाखव्यांच्या होड्या समुद्रात जात नाहीत. त्यानंतर दोन दिवसांनी ढीग उतरलेला असे, दर आठवड्याला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की पानामागून पान 'गार', 'गार'. कचेरीत सगळे त्याचा दोष पावसाला देत. "मी ताडपत्री घातली तरी गार," चाचा म्हणाले. "मला वाटायचं, माझंच काही चुकतं. अगो, माती कशी तापेल? तापत होती ती मासळी!"

तीन वर्षांचं कोडं सुटल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. तो आनंद मावळला तो पार्वतीच्या प्रश्नाने. ती चाळण बाजूला ठेवून म्हणाली, "चाचा, हे त्या बाईला सांगितलात तर आमचं काय?"

मी प्रकल्पाच्या कचेरीत जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "कागदावर सगळ्यांचं उत्तर हो आहे ना? आणि ते खोटंही नाही. मग मॅडम, जे विचारलं नाही ते आपण कशाला लिहायचं? त्या नऊ बायकांचा विचार करा."

मी खरंच विचार केला आणि तो मला पटलाही. चाचांकडे गेले ती त्यांनीही तेच म्हणावं अशा आशेने. त्यांचीही नोकरी त्यातच होती. घरी आमिनाचाची आजारी असायच्या. चाचा म्हणाले, "बोटीच्या पोटात माल तापलेला असताना कप्तानाला 'सगळं ठीक' सांगणारा माणूस पण त्याच बोटीत असतो, बाय. पण या बोटीत पार्वती हाय. मी एकट्यानं कसं ठरवू?"

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नऊ जणींना शेडमध्ये बसवलं आणि वही वाचून दाखवली. काय निघालं, सांगितलं तर काय होईल, न सांगितलं तर काय होईल, सगळं सांगितलं. मग पार्वती भडकली, पण वेगळ्याच गोष्टीवर. "तीन वर्षं आम्ही माती चाळतोय, ते आमाला ठाऊक नाय होय? पयल्या दिवसापासून ठाऊक हाय! आमाला कोणी विचारलानच नाय."

चाचांची मान खाली गेली. "मी पण नाय विचारलं," ते म्हणाले. "रोज ढिगाला विचारत होतो."

मग पार्वतीच म्हणाली, "सांगा. पण मासळीचं पण सांगा. ती चांगली कुजते. आंबेवाले ती मागून नेतात."

तज्ज्ञ बाई आली ती उंच, उन्हाने लाल झालेली, पायात जाड बूट. तिचं नाव आम्हाला नीट उच्चारता येईना, चाचा तिला 'मडम' म्हणत. साहेबांनी तिला कागदांचा गठ्ठा दिला. ती तो चाळत असतानाच चाचा बोटीवरच्या इंग्रजीत म्हणाले, "मडम, कागद नंतर. आधी पाणी प्या." आणि तिला सरळ सुमतीकाकूंकडे घेऊन गेले. काकूंनी कोकमाचं सरबत केलं. मडम दोन पेले प्यायली, छान आहे म्हणाली. मग चाचांनी तिला हिरव्या डब्यापाशी नेलं, झाकण उघडलं आणि म्हणाले, "सरबताचं पाणी यातलं. डबा अगदी उत्तम चाललाय."

साहेब भिंतीकडे बघू लागले. मडम डब्याकडे बघत राहिली, मग एकदम एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. काकूंना वाटलं सरबताचा ठसका लागला. हसू ओसरल्यावर तिने तिथेच जमिनीवर बसून डायरी काढली आणि काकूंना एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. मी भाषांतर करत होते. गाय किती खाते, माडाला काय घालता, पाणी कधीपासून कमी पडतं. कातळावर गेल्यावर तिने पार्वतीला तासभर विचारलं. चाचांनी कांब तिच्याही गालाला लावली.

निघताना चाचांनी तिला विचारलं, "मडम, तुमच्या देशात कचऱ्याचं काय करता?"

ती म्हणाली, "पुरतो, थोडा जाळतो."

"आणि त्याचं काय झालं, ते बघायला कोण येतं?"

तो प्रश्नही तिने डायरीत लिहून घेतला.

काही महिन्यांनी तिचा अहवाल आला. घरोघरचा कचरा गोळा करण्याचा भाग फसला, असं तिने स्वच्छ लिहिलं होतं. मासळीबाजाराच्या कचऱ्यापासून खत करण्याचं लहान काम मात्र पुढे चालवावं, अशी शिफारस होती. प्रत्यक्षात दुसरा टप्पा आला नाही. शिफारशीचंही काही झालं नाही. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर खताची जागा बंद झाली. चाचांची नोकरी गेली, बायकांचीही. पार्वती आणि आणखी तिघींनी चाचांच्या मदतीने मासळीचं खत आपल्या बळावर करून पाहिलं. दोन वर्षं ते आंब्याच्या बागांना गेलं. मग जवळ नवी घरं झाली, वासाच्या तक्रारी आल्या आणि तेही थांबलं. पार्वती कोलंबी सोलायच्या कामाला लागली. रस्त्यात भेटली तेव्हा मी चाचरत विचारलं, सांगितलं ते चुकलं का? ती म्हणाली, "चुकलं नाय. पण पोटाला चिमटा बसला तो बसला." ते दोन्ही खरं होतं आणि मी अजून त्याची वजाबाकी करू शकलेले नाही.

मला चिपळूणच्या शाळेत नोकरी लागली. रत्नागिरीला आले की राजिवड्याला चक्कर व्हायची. चाचा थकत चालले होते. दृष्टी जवळजवळ गेली होती. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर पडून होते. त्या पावसात वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं. मी पुराचं वर्णन करत होते, किती नुकसान झालं, शाळा किती दिवस बंद होती.

मध्येच त्यांनी विचारलं, "पाणी गेल्यावर मागं काय राहिलं?"

"गाळ."

"कसला? लाल की काळा? किती जाड?"

मला सांगता येईना. मी आठ दिवस त्याच गाळातून शाळेत जात होते.

"बघून ये," ते म्हणाले. "घाई नाय."

मी परत गेल्यावर खरंच पाहिलं. बाजारपेठेतल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर गाळ अजून तसाच होता. मी पट्टी लावून मोजला, वेगवेगळ्या उंचीचा थोडा थोडा कागदात बांधून घेतला. वरचा लाल होता, खालचा काळा, आणि मध्ये भाताच्या तुसाचा पातळ थर. तो कुठून आला ते एका दुकानदाराला विचारून ठेवलं. पुढच्या रविवारी एस.टी.ने रत्नागिरीला गेले. दारात चपला खूप होत्या. चाचा शुक्रवारीच गेले होते.

लोक पांगल्यावर आमिनाचाचींजवळ बसले. पिशवीतली पुडकी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगू लागले. वरचा गाळ डोंगरातून आला असणार, खालचा नदीच्या तळाचा, आणि तूस भाताच्या गिरणीतलं. आपण हे कुणाला आणि का सांगतोय, असं वाटून मी मध्येच थांबले. चाचींनी आयुष्यात कधी चाचांच्या या असल्या गोष्टींत लक्ष घातलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, काळ्या गाळाचं पुडकं हातात घेतलं, जरा उघडलं आणि नाकाशी नेलं.

"ओला होता तेव्हा वास कसला येत होता?" त्यांनी विचारलं.