इथलं इथंच

मध्यभारत हे वेगळे राज्य होते त्या वर्षांत आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांनी एक पद्धत घातली होती. प्रत्येक पुरुषाने एक जोडीदार निवडायचा, आठवड्यातून एकदा दोघांनी बसून प्रार्थना करायची आणि एकमेकांना खरे सांगायचे. उपासना हिंदीत चाले. मराठी घरे पाचच. त्यांतला एक दवाखान्यातला कंपाउंडर आणि मी कापडगिरणीतला टाइमकीपर, अशी आमची जोडी जमली. दर बुधवारी तो मल्हारगंजात आमच्या घरी येई. पहिल्याच बुधवारी त्याने नियम सांगितला, "इथलं इथंच. बायकोलासुद्धा नाही." मी कबूल झालो.

दोन वर्षे त्या नियमाचा मला फायदाच झाला. धाकट्या भावाशी मी बोलत नव्हतो, हे मी त्याच्याखेरीज कोणाला सांगितले नव्हते. त्याने मला चार बुधवार त्याच विषयावर धरून ठेवले आणि शेवटी भावाला पत्र लिहायला लावले.

मग माझ्या पत्नीला खोकला झाला आणि मी दवाखान्यातून मिक्श्चरची बाटली आणली. त्या काळी बाटलीवर खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवत, एक खाच म्हणजे एक डोस. आठ डोस सांगितले होते. पट्टीवर खाचा सात होत्या, आणि तिसऱ्या-चौथीतले अंतर बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट. मी फूटपट्टी लावून पाहिले. पट्टी माझ्या जोडीदारानेच कापलेली, आणि हा माणूस असल्या बाबतीत माझ्याइतकाच काटेकोर होता.

बुधवारी बाटली त्याच्यापुढे ठेवली. त्याने डोळे मिटून प्रार्थनाच सुरू केली, आणि तिच्यात म्हणाला, "प्रभू, मला बाटल्यांवरची अक्षरं दिसत नाहीत. सहा महिने झाले. तू जाणतोस." आमेन झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस ना? इथलं इथंच."

मी अडकलो तो तिथे. मला सांगितले असते तर वाद घालता आला असता. सांगितले होते देवाला, मी फक्त ऐकले होते.

दुसऱ्या दिवसापासून गिरणी सुटली की मी दवाखान्यात जाऊ लागलो. सहा ते सात. तो औषध करी, मी लेबले वाचून दाखवी आणि पट्ट्या कापी. नर्स हसून म्हणे, "भियाजी, गिरणी में जी नहीं लगता क्या?" मी म्हणे, मित्राला सोबत. ते खोटे नव्हते आणि खरेही नव्हते. फळीवरच्या सगळ्या बाटल्यांच्या जागा त्याला पाठ होत्या. मला वाटू लागले की हे निभेल.

तीन महिन्यांनी खोलीला चुना दिला आणि मजुरांनी बाटल्या वाटेल तशा परत लावल्या. त्या संध्याकाळी एका लहान मुलीच्या पोटदुखीचे औषध करायचे होते. त्यात चवीला वेलदोड्याचा अर्क पडतो. त्याने हात लांब केला, नेहमीच्या जागेवरची बाटली घेतली आणि थेंब मोजू लागला. मी लेबल पाहिले. अफूचा अर्क होता.

मी ग्लास मोरीत ओतला. मुलीची आई खिडकीपाशी उभी होती. तिला काही कळले नाही. औषध पुन्हा केले, तिला दिले, आणि ती गेल्यावर म्हणालो, "दवाखाना सात तास उघडा असतो. मी असतो एक तास. उरलेल्या सहा तासांचं काय?"

"भिया, तू गिरणीचा टाइमकीपर, का देवाचा?"

"डॉक्टरांना सांग."

"नोकरीची चार वर्षं राहिलीत. क्वार्टर जाईल. थोरलीचं लग्न व्हायचंय." मग हळू म्हणाला, "प्रभुभोजनापर्यंत थांब. त्याच्या आत सांगतो."

प्रभूची भाकर मन साफ करून घ्यायची असते; ते प्रभुभोजन दहा दिवसांवर होते. ते दहा दिवस मी गिरणीत इतरांच्या वेळा लिहीत होतो आणि मनात दवाखान्यातले तास मोजत होतो. पत्नीने दोनदा विचारले, काय झाले. शब्द दिला होता, म्हणून सांगितले नाही. पाळकांना सांगावे तर तेही शब्द मोडणेच. त्याने डॉक्टरांना सांगितले नाही.

रविवारी तो नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी बसला. भाकरीचे ताट आमच्या बाकावर आले. मी न घेता त्याच्याकडे सरकवले. त्याने घेतले. मी घेतले नाही हे त्याला दिसलेच नाही.

ते त्याच्या पत्नीला दिसले. बाहेर पायरीवर तिने विचारले, "भावजी, आज तुम्ही घेतलं नाही?"

मी तिच्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. त्याचा चेहरा उतरला. "त्याला विचारू नकोस," तो म्हणाला.

त्याला बाजूला घेऊन मी सांगितले, "उद्या साडेआठला मी डॉक्टरांच्या दारात असेन. तू आलास तर बरोबर जाऊ. नाही आलास तर मी एकटा आत जाईन."

"म्हणजे शब्द मोडशील."

"मोडीन."

सोमवारी मी गेलो तेव्हा तो खिडकीपाशी काम करत होता. माझी पावले ओळखून म्हणाला, "आलास." बुचाने बाटली बंद केली, हात पुसले आणि माझ्या पुढे होऊन आत गेला. सगळे त्यानेच सांगितले. मला तोंड उघडावे लागणार नाही, असे मला वाटले. पण डॉक्टर माझ्याकडे वळले. "आपको कब से मालूम था?"

"तीन महीने और दो हफ़्ते."

"और आप पट्टियाँ काटते रहे?"

 

महिनाअखेर त्यांचे क्वार्टर गेले. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांनी दोन खोल्या घेतल्या. सामान हलवायला मी गेलो. त्याने मला पलंगाची एक बाजू धरू दिली. पाच बुधवार मी एकटाच बसलो. सहाव्या बुधवारी तो आला, भिंतीला हात लावत, आणि आपल्या जागी बसला. पुष्कळ वेळ प्रार्थना केली. पाळकांसाठी केली, माझ्या भावासाठी केली, माझ्या पत्नीच्या खोकल्यासाठी केली. मी वाट पाहत होतो. स्वतःबद्दल त्याने काही मागितले नाही.

आमेन झाल्यावर मी विचारले, "डोळ्यांचं कसं आहे आता?"

"ते मी डॉक्टरांना सांगितलंय," तो म्हणाला, आणि माझ्या पत्नीने चहा ठेवलाय का ते विचारू लागला.