उर्दूचे गुण

निजामाच्या काळात नांदेडच्या कचेरीत तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करणारा एक कारकून आमच्या गल्लीत राहायचा. हैदराबादेत उर्दूतून शिकणाऱ्या पोराला मधेच पुण्याच्या कॉलेजात जायचं असेल, तर गुणपत्रिका इंग्रजीत करून देणारा तोच. त्याआधी चहाच्या हॉटेलात तो सगळ्यांदेखत गुण वाचायचा आणि शेवटी "समझे का?" म्हणायचा.

माझेही वाचले. गणितात मी वर्गात पहिला होतो, पण उर्दूनं खाली ओढून थर्ड क्लासात टाकलं होतं.

"उर्दूत हे हाल, आन् निघाला पुण्याला. समझे का?"

"म्हणूनच निघालोय. खाली एवढं लिहा साहेब, मायबोली मराठी हाय म्हणून."

"मूळ कागदात न्हाई ते मी लिहीत नसतो."

तुसडा, पण नियमाचा माणूस, असं मला वाटलं.

पुण्याच्या ऑफिसात माझ्या कागदाशेजारी आमच्या गल्लीतल्या वकिलाच्या पोराचा कागद होता. त्याच अक्षरात खाली ओळ होती, मायबोली मराठी, उर्दूचे गुण सांभाळून घ्यावेत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा बाप जिनिंगमधला हमाल, त्याच्या पोरासाठी शाई कोण खर्चणार? मी तडक प्रिन्सिपॉलसमोर उभा राहिलो आणि सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी फळ्यावर गणितं घातली, मी सोडवली.

बी.ए. होऊन गावी आलो, तेव्हा हॉटेलात तो लोकांना सांगत होता, "आमच्या तर्जुम्यावर गेलं हे पोरगं पुण्याला."

"न्हाई साहेब," मी म्हणालो, "तुम्ही गाळलेली ओळ तोंडानं सांगून गेलो. समझे का?"