जास्तीचा ‘च’

भाषांतर विभागात त्यांना सगळे चकारबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. सरकारी मजकुरातला फाजील ‘च’ खुडून काढण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा लेखनिक म्हणायचा, “बाईंपुढे ‘मीच आलो’ म्हणू नका, ‘च’ काढून परत पाठवतील!” बाई हसत नसत. एका अक्षराने सल्ल्याचा हुकूम होतो, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं. त्यातून स्वभाव घाबरट. दाराला कुलूप लावून चार पावलं गेल्यावर मागे येऊन ते ओढून बघणाऱ्यांपैकी त्या एक.

त्या सकाळी छापखान्यातून गठ्ठे आले. कंपन्यांनी कारभार कसा करावा याची देशाची पहिली आचारसंहिता. उद्या परदेशी पाहुण्यांसमोर तिचं प्रकाशन होतं. बाईंनी सवयीने एक प्रत उघडली आणि त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. पान उघडलं तिथेच छापलं होतं, ‘हिशेब तपासणारा मालकाचा नातलग नसावाच.’

मूळ परकी मजकुरात नुसतं ‘नसावा’ होतं. साऱ्या संहितेची गोम तीच होती: पाळा, नाहीतर का पाळत नाही ते चारचौघांत सांगा. ‘नसावा’ म्हटलं की कारण सांगायला फट राहते. ‘नसावाच’ म्हटलं की ती बुजते. उद्या एखादा बडा मालक मंत्र्यांच्या दारात जाऊन ओरडला, की चौकशी कुणाची? भाषांतर बाईंचं, तपासल्याची सहीही बाईंची, आणि निवृत्ती तोंडावर आलेली.

हात घसरला होता की मन, हे त्यांचं त्यांनाही सांगता येईना.

कारण घरी दादा होता. बाईंचा थोरला भाऊ, सगळं आयुष्य एका पंख्यांच्या कारखान्यात घालवलेला. तिथे मालक तोच अध्यक्ष, तोच मुख्य कारभारी, आणि हिशेब तपासायला त्याचा साडू. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि त्या ‘च’ला बाईंनीही कधी हरकत घेतली नाही. कंपनी बुडाली, कामगारांच्या म्हातारपणाची पुंजी तिच्याबरोबर गेली, आणि दादा एक पेटी घेऊन बहिणीकडे राहायला आला. संहितेचं काम निघाल्याचं कळल्यापासून त्याचा चेहरा बदलला होता. “आमची हाय लागली म्हणून सरकारला जाग आली,” तो म्हणायचा आणि रोज बाईंनी चपला काढायच्या आत विचारायचा, “छापलं का गं?”

मोठ्या साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बाई बसल्या, उठल्या, पाणी पिऊन आल्या, पुन्हा बसल्या. गप्प राहावं तर जन्मभर धडधड, सांगावं तर आजच नोकरीवर गदा. शेवटी शिपायाने नाव पुकारलं, तेव्हा हातातली प्रत घामाने ओली झाली होती.

“साहेब, माझ्याकडून एक ‘च’ जास्तीचा पडलाय.” बाईंनी ओळ दाखवली.

साहेब एकदम ताठ बसले. “कुठल्या प्रतीत? पाहुण्यांच्या?”

“नाही, आपल्या भाषेतल्या.”

“अहो बाई!” साहेबांनी खुर्चीत अंग टाकलं आणि चक्क हसले. “घाबरवलंत की मला! मला वाटलं, त्यांच्या प्रतीत काही घोळ झाला.”

“पण साहेब, अर्थ बदलतो. दुरुस्तीपत्रक काढायला हवं.”

“काय बदलतो? शेजारच्या दोन्ही देशांनी असली संहिता केली. आपण केली नाही, तर परदेशी गुंतवणूकदार तिकडे जाणार. कर्ज देणारेही पहिल्यांदा तेच विचारतात, संहिता आहे का? आता आहे म्हणून सांगता येईल. पाहुणे यायचे म्हणून घर झाडतो ना आपण, तसंच हे.”

“आणि आपली माणसं?”

“आपल्यात कोण वाचतंय?” साहेबांनी पुढची फाइल ओढली. “राहू द्या तुमचा ‘च’. तो कुणाच्या पायात येत नाही.”

नोकरी वाचली. बाईंना हायसं वाटायला हवं होतं. उलट जिना उतरल्यापासून घर येईपर्यंत साहेबांचं ‘आपल्यात कोण वाचतंय?’ कानातून जाईना. प्रत घरी न्यायचीच नाही, असं त्यांनी वाटेत ठरवलं. पण प्रत पिशवीत होती, आणि दादा दारात उभा होता, चष्मा पुसून.

“छापलं?”

बाईंनी प्रत पुढे केली. दादा खिडकीपाशी बसला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, एकही शब्द न गाळता वाचत गेला. बाई स्वयंपाकघरातून ते बोट पाहत होत्या. एका ठिकाणी ते थांबलं.

“‘नसावाच’,” त्याने मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. “बघितलंस? नुसतं ‘नसावा’ नाही म्हणाले. म्हणजे आता कुठल्याही साडूचं काही चालणार नाही. उद्या आमच्या सगळ्यांना गोळा करून दाखवतो. बिचारे आशा सोडून बसलेत.”

बाईंनी पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

“काय गं? तुझ्या हाताखालून गेलंय म्हणून विचारतो. हे खरं ना?”

“खरंच,” बाई म्हणाल्या, आणि आपल्या तोंडून निघालेला ‘च’ त्यांना ऐकू आला. हा आता खुडून काढता येणार नव्हता.