वैजयंती आणि वैजंती

कर्ज देण्याआधी आम्ही बँकेत माणसाचं नाव तारणाच्या सरकारी नोंदींमध्ये शोधतो. त्या दिवशी समोर वैजयंतीबाई होत्या. आपल्या भरतकामाच्या मशीनवर दुसऱ्या बँकेचं कर्ज आहे, हे त्यांनी आपणहून सांगितलं. संगणकाच्या पडद्यावर मात्र त्यांच्या नावापुढे काहीच नव्हतं. त्या गप्प राहिल्या असत्या, तर तेच मशीन मी पुन्हा तारण घेतलं असतं.

“कुणी कुणी मला वैजंती म्हणतात,” त्या म्हणाल्या.

‘य’ गाळून शोधलं आणि ती सापडली. तोच पत्ता, तीच जन्मतारीख, तेच मशीन. बाई पडद्याकडे बघत राहिल्या.

“म्हणजे ही इतकी वर्षं माझ्याच घरात राहतेय,” त्या हळूच म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. एका अक्षराच्या फटीतून माणूस निसटतं, आणि तिथूनच दुसरं कुणी आत येऊन बसतं.

त्या बँकेला कळवून नोंद दुरुस्त करून घेतली. बाई पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून मी ‘वैजंती’ शोधलं. पडदा कोरा होता.

“गेली?”

“गेली.”

त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला आणि बराच वेळ घरी जायला उठल्या नाहीत.